वेबसाइटवर ३५ हजार घातले, पहिलं गिऱ्हाईक कधी येणार?

कोबाकार · शनिवार, सकाळी १०:०५

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

ठाण्यात कोपरीला राहतो. वॉटरप्रूफिंग आणि इमारत दुरुस्तीचा धंदा, वडिलांपासून चालत आलेला. गच्ची, पाण्याची टाकी, बाथरूम, बाहेरच्या भिंतींच्या भेगा, सगळं करतो. आजवर कामं ओळखीवर मिळाली. एका सोसायटीची गच्ची झाली की शेजारची बोलावते. पण नौपाडा-पाचपाखाडीतल्या जुन्या इमारती एकेक करून पुनर्विकासाला निघाल्यात. म्हणजे आमची गिऱ्हाइकंच पाडली जातायत म्हणा ना.

मुलीच्या आग्रहावरून मागच्या वर्षी वेबसाइट करून घेतली. ३५ हजार, वर दरवर्षी सहा हजार. चौदा महिन्यांत फोन आले मोजून चार. दोघे 'सर, तुमची साइट गूगलवर पहिल्या नंबरला आणून देतो' वाले, एक नोकरी मागणारा, आणि एका बाईंनी विचारलं, शाळेची वॉटरप्रूफ दप्तरं ठेवता का.

साइटवाला म्हणतो एसईओ (म्हणजे गूगलच्या शोधात साइट वर आणायचं काम) करा, महिना आठ हजार. माझा प्रश्न साधा आहे. आमच्यासारख्या छोट्या धंद्याला वेबसाइटवरून खरंच काम मिळतं का? तुमच्यापैकी कोणाला मिळालं असेल तर नेमकं काय केलंत?

(लिंक इथे देत नाही, जाहिरात समजून धागा उडेल. हवी असेल त्यांना व्यक्तिगत निरोप (व्यनि) करतो.)

टवाळ_ठाणेकर · १०:१९

मामलेदारच्या मिसळीला कुठे लागली वेबसाइट? झणझणीत तर्री आणि गळकी गच्ची, दोन्हींची बातमी आपोआप पसरते.

निऱ्या_आणि_पदर · १०:४४

मी कोपरखैरण्याला साड्यांचं प्री-प्लीटिंग करते. निऱ्या, पदर बसवून, इस्त्री करून, खोक्यात घालून देते. वेबसाइट नाही, कधी अडलंही नाही. इन्स्टाग्रामवर रील, व्हॉट्सॲप बिझनेसवर कॅटलॉग आणि रोजचं काम स्टेटसला. लग्नसराईत रात्री दोन वाजेपर्यंत इस्त्री चालू असते. दादा, महिना आठ हजार त्या माणसाला देण्यापेक्षा एक चांगला फोन घ्या आणि कामाचे व्हिडिओ टाका.

तलावपाळी · १०:५१

+१

पिंपळपान · दुपारी १२:३०

निऱ्याताई, तुमच्या धंद्यात तुमचं शंभर टक्के बरोबर. पण साडी बघून हौस वाटते. रीलमध्ये गच्ची बघून आपलीही गळावी असं कोणाला वाटत नाही. कोबाकारांचं गिऱ्हाईक अडल्यावरच शोधायला निघतं, आणि ते एकटं नसतं, त्याच्यामागे अख्खी कमिटी असते.

मी महापे एमआयडीसीत वेबसाइटच्याच कामात आहे. व्यनि मिळाला, साइट पाहिली. स्पष्ट लिहितो, राग नसावा.

पहिल्याच फोटोत लाल कौलांचं उतरतं छप्पर आहे आणि अंगणात बर्फ पडलाय. कोपरीत शेवटचा बर्फ कधी पडला होता? त्याखाली पिवळं हेल्मेट घातलेला गोरा मनुष्य कोणाशी तरी हात मिळवतोय. तो तुमच्याकडे कामाला असेल तर क्षमस्व.

तो एक फोटो सहा एमबीचा आहे. माझ्या मोबाईलवर पान उघडायला अकरा सेकंद लागले. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा ही गूगलची स्वतःची अपेक्षा आहे. पेजस्पीड इनसाइट्स नावाची त्यांची फुकट सोय आहे, तिथे साइटचा पत्ता टाका, प्रगतिपुस्तक मिळेल. फोन नंबर चित्रात कोरलाय, त्यामुळे त्यावर बोट ठेवलं तर काही होत नाही. माणसाने नंबर कागदावर लिहून घ्यायचा आणि मग लावायचा, एवढा दम आज कोणाला आहे?

पत्त्याच्या डावीकडे 'नॉट सिक्युअर' दिसतंय. क्रोम जुलै २०१८ पासून एसएसएल (साइटवरची माहिती कुलूपबंद पाठवायची सोय) नसलेल्या प्रत्येक साइटवर तसं लिहितो. त्यासाठी लागणारं लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट फुकट मिळतं. ३५ हजारांत तेही बसवलं नसेल तर काय बोलावं.

आणि मजकूर. 'आम्ही गुणवत्तापूर्ण सेवा देणारी एक अग्रगण्य कंपनी आहोत.' हे वाक्य काढून दातांच्या दवाखान्याच्या साइटवर लावलं तरी चालेल. ठाण्याचं नाव संपूर्ण साइटवर एकदा आलंय, अगदी तळाला पत्त्यात. गूगलला कळावं तरी कसं?

शेवटचा प्रश्न. साइटवर 'एन्क्वायरी फॉर्म' आहे. तो स्वतः भरून बघितलात का कधी?

कोबाकार · १२:५२

राग कसला. बर्फ मलाही दिसला होता, पण मला वाटलं असंच असतं. फॉर्म कधी भरला नाही. आत्ता साइटवर आहे (म्हणजे खऱ्या, मुंब्र्याला), रात्री बघतो.

खोडरबर · १:१५

एवढं डोकं चालवायची गरज नाही. माझ्या मेहुण्याचं पेस्ट कंट्रोल आहे. त्याने 'पेस्ट कंट्रोल कळवा', 'पेस्ट कंट्रोल माजिवडा', 'पेस्ट कंट्रोल ऐरोली' अशी साठ पानं केली. मजकूर तोच, फक्त गावाचं नाव बदललं. सुरुवातीला धो धो फोन आले.

पिंपळपान · १:२२

आणि नंतर?

खोडरबर · १:३१

नंतर कमी झाले. पण सुरुवातीला आले.

पिंपळपान · १:४०

:) गूगलच्या स्पॅम धोरणात याला 'डोअरवे' पानं म्हणतात, नाव घेऊन मनाई आहे. प्रत्येक भागाचं पान करायला हरकत नाही, पण तिथे त्या भागाचं काहीतरी खरं हवं. वाशीच्या पानावर सिडकोने बांधलेल्या जुन्या इमारतींबद्दल लिहा, तिथे छताचं प्लास्टर का पडतं, आतलं लोखंड गंजून कसं फुगतं आणि काँक्रीट फोडतं. घोडबंदरच्या पानावर टॉवरच्या बाहेरच्या भिंतीला झुल्यावरून काम कसं करता ते लिहा. तीन पानं झाली तरी पुरे.

घोडबंदरी · ३:०५

सगळे वेबसाइटवर बोलतायत. गूगल मॅप्सचं काय? माझं फिजिओथेरपीचं छोटं क्लिनिक आहे मानपाड्याजवळ. नवीन पेशंटला विचारते 'कुठून कळलं', तर बहुतेक जण 'मॅपवर बघितलं' म्हणतात. वेबसाइट उघडणारे नंतर, आणि तेही फी बघायला.

एक धडा सांगते. माझ्याकडे पूर्वी गूगलचीच फुकटातली वेबसाइट होती, ती शेवटी 'बिझनेस डॉट साइट' असलेली. मार्च २०२४ मध्ये गूगलने त्या सगळ्या बंद केल्या. व्हिजिटिंग कार्डं, औषधाच्या चिठ्ठ्या, रिक्षाच्या मागचं पोस्टर, सगळीकडे तोच पत्ता छापलेला! तेव्हापासून स्वतःच्या नावाचं डोमेन (साइटचा पत्ता) घेतलं. दुसऱ्याच्या जागेवर टपरी टाकली की ती कधीही उचलली जाते.

कोबाकार, तुम्ही घरून काम करत असाल तर मॅप्सवर दिसणाऱ्या गूगल प्रोफाइलवर घरचा पत्ता लपवता येतो आणि त्याऐवजी सेवा क्षेत्र टाकता येतं, वीस भागांपर्यंत. हल्ली पडताळणी बहुधा व्हिडिओ काढून होते. अवजारं, गाडीवरचं नाव, बिलबुक असं काहीतरी दाखवावं लागतं. आणि नावात 'बेस्ट वॉटरप्रूफिंग ठाणे' असलं काही घुसडू नका. बोर्डावर जे नाव तेच तिथे हवं, नाहीतर कोणी तक्रार केली की प्रोफाइल निलंबित. माझ्या ओळखीत झालंय.

तलावपाळी · ३:३०

गूगल स्वतःच सांगतं की जवळपासचे निकाल तीन गोष्टींवर ठरतात: शोधलेल्या गोष्टीशी तुमचा संबंध किती, अंतर किती आणि नावलौकिक किती. अंतर काही आपल्या हातात नाही. कोपरीतून हिरानंदानी इस्टेट गाठायला गूगलला वेळ लागत नाही, आपल्याला लागतो.

टवाळ_ठाणेकर · ३:३३

घोडबंदर रोडवर अंतर किलोमीटरमध्ये मोजणारे भाबडे जीव.

सचिव_नाइलाजाने · रात्री ११:४८

पाचपाखाडीतल्या अठ्ठावीस फ्लॅटच्या सोसायटीचा मी सचिव. कसा झालो ते विचारू नका, मीटिंगला उशिरा पोचलो होतो. गेल्याच वर्षी आम्ही गच्चीचं काम करून घेतलं. म्हणजे कोबाकार ज्याला शोधतायत ते गिऱ्हाईक मीच. माझ्या बाजूने सांगतो.

मी गूगलवर 'वॉटरप्रूफिंग ठाणे' असं शोधलं नाही. म्हणजे एकदा शोधलं, आणि एवढी नावं आली की बंद केलं. नावं मला मिळाली शेजारच्या सोसायटीच्या अध्यक्षांकडून, वॉचमनकडून आणि आमच्या प्लंबरकडून. पाच नावं. मग रात्री साडेअकराला, घरात सगळे झोपल्यावर, पाचही साइट मोबाईलवर उघडल्या. दोघांच्या नव्हत्याच. राहिलेल्या तिघांच्या साइटवर मी काय शोधत होतो? 'अग्रगण्य' नाही. मी शोधत होतो तिसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या प्रश्नांची उत्तरं.

आमच्या सर्वसाधारण सभेत हे काका उठतात आणि विचारतात, यांनी आधी कुठे काम केलंय? त्याला दोन पावसाळे झाले का? गॅरंटी कागदावर देतात की तोंडी, आणि त्यात काय काय धरलेलं नाही? जुना कोबा फोडणार की त्याच्यावरच थर चढवणार? फोडला तर डेब्रिज कोण उचलणार? गच्चीवरच्या डिश आणि सोलरची टाकी कोण हलवणार आणि परत लावणार? पाणी साठवून चाचणी किती तासांची? शेवटचा हप्ता चाचणीआधी की नंतर? माणसं कुठे राहणार, कुठलं संडास वापरणार? जीएसटी धरून की वर?

एका साइटवर यातल्या सहा-सात प्रश्नांची उत्तरं होती. साधं पांढरं पान, काही सजावट नाही. मी त्याची पीडीएफ केली आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकली. काका गप्प. गेल्या नऊ वर्षांत असं पहिल्यांदा झालं. दर सगळ्यात कमी नव्हता, मधला होता. काम त्याला गेलं.

तेव्हा कोबाकार, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: वेबसाइटने तुमच्याकडे मला आणलं नसतं. पण तुमचं नाव माझ्या कानावर आलेलं असतं आणि मी रात्री साइट उघडली असती, तर तो बर्फ बघून तिथूनच परत फिरलो असतो. अशी किती माणसं परत फिरली असतील त्याचा हिशेब लागत नाही, कारण ती फोन करत नाहीत.

निऱ्या_आणि_पदर · रविवार, सकाळी ७:१०

सचिवसाहेब, पटलं. माझं आधीचं मत थोडं मागे घेते.

तलावपाळी · ७:२५

तिसऱ्या मजल्यावरचे काका प्रत्येक सोसायटीत असतात. आमच्याकडे पहिल्या मजल्यावर आहेत, लिफ्टचा खर्च देत नाहीत म्हणून.

कोबाकार · ८:०२

रात्री झोप लागली नाही. फॉर्म भरून बघितला. 'थँक यू' आलं. मला मेल आला नाही.

साइटवाल्याला फोन केला. तो म्हणाला, चाचणीसाठी स्वतःचा एक जुना मेल आयडी टाकला होता, बदलायचा राहिला. पासवर्ड शोधून त्याने तासाभराने मला सगळं पुढे पाठवलं. चौदा महिन्यांत अकरा चौकशा. त्यातल्या दोन कचरा. नऊ खऱ्या. एक नेरूळची बेचाळीस फ्लॅटची सोसायटी, एक कळव्याची टाकी, आणि एक आमच्या घरापासून चालत चार मिनिटांवरची इमारत. त्या इमारतीला गेल्या दिवाळीनंतर परांची लागली होती. मी रोज तिच्याखालून जात होतो आणि मनात म्हणत होतो, यांनी आपल्याला का नाही बोलावलं.

बोलावलं होतं.

घोडबंदरी · ८:१०

अरे देवा.

टवाळ_ठाणेकर · ८:१४

यावर मी विनोद करणार नाही.

पिंपळपान · ९:०५

वाईट वाटलं. आता शांत डोक्याने आधी एक काम करा. डोमेन कोणाच्या नावावर आहे ते तपासा. बऱ्याच ठिकाणी साइटवाला ते स्वतःच्या खात्यात, स्वतःच्या मेलवर घेतो. उद्या भांडण झालं किंवा त्याने दुकान बंद केलं की तुमचं नाव त्याच्याकडे अडकतं. भांडायच्या आधी, गोडीगुलाबीत, तुमच्या खात्यात हलवून घ्या. होस्टिंगचा (साइट जिथे ठेवलीय त्या जागेचा) पासवर्ड आणि सर्च कन्सोलची (साइट गूगलच्या शोधात कशी दिसते ते दाखवणारी गूगलची सोय) मालकीसुद्धा. डॉट कॉम मुदतीत भरलं नाही आणि रजिस्ट्रारने (डोमेन विकणाऱ्या कंपनीने) काढून टाकलं, तर तीस दिवस दंड भरून सोडवता येतं. त्यानंतर ते कोणीही घेऊ शकतं.

फॉर्मसोबत व्हॉट्सॲपचं बटण ठेवा. लिंक फुकट बनते, फक्त नंबर ९१ लावून, अधिकचं चिन्ह न टाकता. त्या नऊ जणांनाही आजच फोन करा, काम हातचं गेलं असलं तरी.

कोबाकार · ९:२०

काय बोलू त्यांच्याशी?

सचिव_नाइलाजाने · ९:३१

खरं सांगा. मला असा फोन आला तर मी आधी हसेन, मग नंबर सेव्ह करेन.

वकीलीणबाई · ११:००

अवांतर, पण तुम्ही सगळे सुदैवी आहात. आम्हा वकिलांना जाहिरातच करता येत नाही. बार कौन्सिलच्या नियम ३६ मध्ये २००८ साली दुरुस्ती झाली तेव्हा कुठे वेबसाइटला परवानगी मिळाली. त्यातही नाव, पत्ता, फोन, मेल, सनदेचा तपशील, शिक्षण आणि कामाचं क्षेत्र. बास. 'एवढे खटले जिंकले' असं नाही, अशिलांची वाखाणणी नाही. लिस्टिंगच्या साइटवरून कामं मिळवणाऱ्या वकिलांवर मद्रास उच्च न्यायालयानेही २०२४ मध्ये ताशेरे ओढले.

गंमत म्हणजे त्या बंधनामुळे माझी साइट वाचायला बरी झाली. स्वतःची स्तुती करता येत नाही म्हटल्यावर मी 'हक्कसोड पत्र आणि बक्षीसपत्र यात फरक काय' असलं काहीबाही लिहीत बसले.

जाता जाता, कोबाकार, तुमची फर्म आहे की प्रायव्हेट लिमिटेड? कंपनी असेल तर कंपनी इनकॉर्पोरेशनच्या नियम २६ प्रमाणे नाव, नोंदणीकृत पत्ता, सीआयएन (कंपनीचा नोंदणी क्रमांक), फोन, मेल आणि संपर्काच्या व्यक्तीचं नाव साइटच्या पहिल्या पानावर लागतं.

कोबाकार · ११:१२

प्रोप्रायटरशिप आहे मॅडम. वडिलांच्या नावाची.

खोडरबर · ११:४०

सगळं मान्य, पण रिव्ह्यूंशिवाय काही नाही. सरळ पन्नास पाच-तारे घ्या. मिळतात विकत.

वकीलीणबाई · ११:४६

खोडरबर, तुमचा मेहुणा अजून बाहेर आहे ना?

विकतचे रिव्ह्यू किंवा सवलतीच्या बदल्यात घेतलेले, दोन्ही गूगलच्या नियमांत बसत नाहीत. ऑनलाइन रिव्ह्यू गोळा कसे करावेत यावर भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये आयएस १९००० असं मानकच काढलंय.

घोडबंदरी · दुपारी १२:०३

आणि विकतचे ओळखू येतात हो. 'व्हेरी नाइस सर्विस, स्टाफ इज पोलाइट' असं पन्नासदा. माझा सगळ्यात कामाचा रिव्ह्यू तीन ताऱ्यांचा आहे. एका आजोबांनी लिहिलंय, 'गुडघा बरा झाला पण जिना चढावा लागतो आणि पार्किंग नाही.' मी खाली उत्तर दिलं, जिना अकरा पायऱ्यांचा आहे, चढता येत नसेल तर फोन करा, पहिली भेट घरी देईन. त्या एका उत्तरावरून आलेले पेशंट मला माहीत आहेत.

तलावपाळी · १:३०

साइट मराठीत हवी की इंग्रजीत? हा खरा प्रश्न कोणी विचारलाच नाही.

टवाळ_ठाणेकर · १:३२

घ्या. आता धागा दोनशेवर जाणार.

नेरूळचा_नाना · १:५०

मराठीतच हवी! ठाण्यात धंदा करता, मराठीची लाज का?

सचिव_नाइलाजाने · २:१५

नाना, भावना पोचली. पण आमच्या कमिटीत दोन मराठी, एक कच्छी, एक मल्याळी आणि खजिनदार तमिळ. ठरावाचा मसुदा इंग्रजीत होतो आणि भांडण हिंदीत.

पिंपळपान · २:४०

दोन्ही ठेवा. इंग्रजी कमिटीसाठी. मराठी पानांना एक फायदा असा की तिथे गर्दी कमी असते. 'स्लॅब गळतो उपाय' असं बोलून शोधणारे खूप आहेत, आणि त्यांना धड मराठी पान सापडत नाही. फक्त मजकूर युनिकोडमध्ये (मोबाईलवर टाइप होतं त्या मराठीत) हवा. फ्लेक्सवाल्याकडून जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधला मजकूर आणून चिकटवला तर साइटवर अगम्य चिन्हं उमटतात, मग साइटवाला त्याचं चित्र करून टाकतो, आणि चित्रातलं मराठी शोधणाऱ्याच्या हाती लागेल याचा भरवसा नाही. तुमच्या मराठी पानाचं नेमकं हेच झालंय.

नेरूळचा_नाना · २:४४

म्हणजे मराठी हवीच. धन्यवाद.

कोबाकार · रात्री ९:३०

साइटवर दर टाकू का नको? दर टाकले तर शेजारचा दोन रुपये कमी सांगतो. नाही टाकले तर लोक फोनवर पहिला प्रश्न तोच विचारतात.

निऱ्या_आणि_पदर · ९:४१

मी टाकते. साडीला एवढे, शालूला एवढे, नऊवारीला एवढे. परवडत नाही ते विचारतच नाहीत, माझा वेळ वाचतो.

सचिव_नाइलाजाने · १०:०५

गच्चीचा दर न बघता कसा सांगणार? नेमका आकडा लिहिलात तर मला संशयच येईल. पण चौरस फुटाला साधारण कुठपासून कुठपर्यंत जातं, आणि कशाने वाढतं, ते लिहा. जुना कोबा काढायचा असेल तर किती फरक पडतो, लिफ्ट नसेल तर माल चढवायचा खर्च किती, पॅरापेटला (गच्चीच्या कठड्याला) गोलाई करायची की नाही. एवढं वाचल्यावर बाकीच्या दोन कोटेशनमध्ये काय गाळलंय ते मला कळतं. तुमचा दर जास्त असला तरी का जास्त, ते काकांना सांगता येतं.

आणखी एक, जे तुमच्या धंद्यातल्या फार थोड्या जणांना सुचतं. आम्ही शोधतो कधी? जूनमध्ये, टपटप सुरू झाल्यावर. ठरवतो कधी? वार्षिक सभेत, आणि ती कायद्याने ३० सप्टेंबरच्या आत. काम सुरू दसरा-दिवाळीनंतर. म्हणजे जूनची चौकशी ऑक्टोबरात पिकते. जूनमध्ये कोणी 'लगेच चेक काढा' म्हटलं की आम्ही पळतो. जो म्हणतो, 'आत्ता पाहणी करतो, फोटोसकट दोन पानी अहवाल देतो, सभेत वाटा', त्याची फाइल माझ्या कपाटात राहते.

पिंपळपान · १०:२०

हे सोन्यासारखं आहे. कोबाकार, हेच पहिल्या पानावर घ्या: 'वार्षिक सभेसाठी पाहणी अहवाल'. आणि स्ट्रक्चरल ऑडिटचं (इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचं) एक वेगळं पान करा. सोसायट्यांच्या आदर्श उपविधी ७७ प्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट पाच वर्षांतून एकदा, तीसच्या वरचीचं तीन वर्षांतून एकदा. ही माहिती प्रत्येक सचिवाला कधी ना कधी लागते. ऑडिट तुम्ही करत नाही, ते स्ट्रक्चरल इंजिनिअरचं काम, हेही तिथेच स्पष्ट लिहा.

कोबाकार · साडेपाच आठवड्यांनंतर, बुधवार, रात्री १०:१०

मंडळी, अहवाल द्यायचं राहिलं होतं.

डोमेन माझ्या नावावर आलं. आठ हजारांचं एसईओ घेतलं नाही. बर्फ गेला, गोरा गेला. मुलीने आणि मी चार रविवार बसून मजकूर लिहिला. म्हणजे मी बोललो, तिने लिहिलं, आणि दर दोन वाक्यांनी 'बाबा, माणसासारखं बोला' म्हणाली. सचिवसाहेबांची प्रश्नावली जशीच्या तशी घेतली, उत्तरं माझी. 'गॅरंटीत काय बसत नाही' हे लिहिताना हात अडखळत होता. नवीन एसीसाठी कोणी गच्चीत खिळे ठोकले तर गॅरंटी संपली, असं सरळ लिहिलं.

नऊपैकी सहा जणांनी फोन उचलला. चौघं हसले. घराजवळच्या इमारतीचे सचिव म्हणाले, 'अहो, आम्हाला वाटलं तुम्हाला आमचं काम लहान वाटलं.' त्यांचं काम झालेलंच आहे, पण टाकी राहिलीय, बघायला बोलावलंय. नेरूळवाल्यांनी अजून केलेलं नाही, त्यांची फंडावरून भांडणं चालू आहेत. पाहणी करून अहवाल दिलाय.

साइटवरून नवीन चौकशा तीन. एक पुन्हा शाळेच्या दप्तराची. बाई त्याच असाव्यात.

आणि एक घोळ. झालेल्या कामाचे फोटो टाकताना इमारतीचं नाव लिहिलं. दोन दिवसांनी तिथल्या एका मालकाचा फोन, 'आमची बिल्डिंग गळकी म्हणून इंटरनेटवर टाकता? मी फ्लॅट विकायला काढलाय!' आता 'नौपाड्यातली १९८८ सालची चार मजली इमारत, काम झाल्यावर तीन पावसाळे' असं लिहिलंय. अध्यक्षांनी मात्र आपणहून सांगितलं, कोणी विचारलं तर माझा नंबर द्या.

सचिव_नाइलाजाने · १०:२५

नाव नसलं तरी चालेल. साल आणि पावसाळे महत्त्वाचे. अध्यक्षांचा नंबर साइटवर टाकू नका, मागेल त्याला द्या.

घोडबंदरी · १०:३२

छान वाटलं वाचून. लेकीचं कौतुक सांगा.

टवाळ_ठाणेकर · १०:४०

दप्तरं ठेवायला सुरुवात करा. मागणी स्थिर आहे.

नेरूळचा_नाना · १०:५५

साइट मराठीत आहे ना?

कोबाकार · १०:५८

दोन्हीत आहे नाना. आधी मराठी उघडते.

नेरूळचा_नाना · ११:०४

मग एक विचारायचं होतं. आमच्या बाथरूमच्या खालच्या फ्लॅटमध्ये ओल उतरतेय, खालचे लोक रोज वर येऊन तोंड वाजवतात. नेरूळ सेक्टर वीसला येता का तुम्ही?

कोबाकार · ११:०७

येतो की. फक्त साइटवरून फॉर्म भरता का? चालतोय का बघायचंय.